ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाची दारं

झाकण हा विषय लोक गांभीर्याने घेत नाहीत. बाटलीतलं औषध चांगलं निघालं तर कौतुक औषधाचं, बाटली सुबक असली तर कौतुक बाटलीचं. झाकणाची आठवण माणसाला ते हरवल्यावरच येते. मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख आहे. पट्ट्यावरून झाकणं सरकत येतात आणि एक झाकण दुसऱ्यासारखंच आहे की नाही हे आम्ही पाहतो. वेगळं दिसलं की उचलून बाजूच्या पेटीत टाकतो. त्याची बाजू ऐकून घेत नाही.

सातत्य, सातत्य म्हणतात ते हेच. माझा त्यावर फार विश्वास. घरात टॉवेल एकाच मापाने घडी केलेले असावेत, चमचे एकाच दिशेने झोपलेले असावेत, असं मला वाटतं. ‘असावेत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आमच्या घरात ते तसे नसतात. बायको म्हणते, “तुमच्या पट्ट्यावर मी नाही हं सरकत.” कारखान्यात ज्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही, त्याने घरी शब्दच काढू नये हे मला लवकर कळलं.

अशा माणसाला इमारतीचा सेक्रेटरी करणं धोक्याचं होतं, पण ते पद दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. मी जिना चढलो आणि पहिल्यांदाच सेक्रेटरीच्या नजरेने दारं पाहिली. एका दारासारखं दुसरं दार नाही. दुसऱ्या मजल्यावर वकीलबाईंचं दार काळं कुळकुळीत, आरशासारखं चकचकीत. चौथ्या मजल्यावर निवृत्त कंडक्टरकाकांच्या दारावर पिवळ्या रंगात ठसठशीत अक्षरं : ‘दारात उभे राहू नका, आत सरका.’ आयुष्यभर जे ओरडून सांगितलं, ते आता त्यांनी लिहून ठेवलं होतं. आणि तिसऱ्या मजल्यावरचं सगळ्यांत लाजिरवाणं दार आमचंच.

ते बाबांनी रंगवलेलं. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं तेव्हा उरलेला हिरवा रंग वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो दाराला फासला. ब्रश जुना होता, त्याचे केस गळत होते, ते दाराला चिकटून तसेच वाळले. दारावरून हात फिरवला की एखाद्या म्हाताऱ्या बोकडाची पाठ खाजवल्यासारखं वाटायचं.

मी सभा बोलावली. विषय एकच : सर्व दारे एकसारखी करणे.

सभेत सल्ल्यांचा पाऊस पडला. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, पांढराच रंग द्या, घाण लगेच दिसते. त्यांच्या शेजारीणबाई म्हणाल्या, म्हणूनच पांढरा नको. कोणी म्हणालं आकाशी, कोणी म्हणालं आकाशी रंगाने झोप येते. वकीलबाई म्हणाल्या, “सगळ्यांनी काळा दिला तर माझा प्रश्नच मिटला.” कंडक्टरकाका एवढंच म्हणाले, “रंग कुठलाही द्या, माझी अक्षरं राहू द्या.” शेवटी जो रंग कुणालाच आवडला नाही तो सर्वानुमते मंजूर झाला. म्हणजे अन्याय सगळ्यांवर सारखाच! त्या रंगाला डब्यावर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण भिंतीवर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा दिसायचा.

वकीलबाईंनी नियम लिहून दिला : सर्वांच्या संमतीशिवाय कोणीही दारात बदल करणार नाही. मी त्याखाली दोन शब्द जोडायला लावले : ‘अपवाद नाही.’ ते दोन शब्द लिहून घेताना मला जो आनंद झाला, त्याची आठवण आजही येते आणि मान खाली जाते.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, “मग मी आपलं दार ओळखायचं कसं?”

“नंबर वाचून, बाबा. सुंदर नंबर लावतोय, सगळे एका आकाराचे.”

“नंबर वाचायला चष्मा लागतो.”

“मग लावायचा.”

“चष्मा घरात असतो,” बाबा म्हणाले. “आणि घर दाराच्या आत.”

बाबांना फिरायला जाताना चष्मा नेणं मंजूर नव्हतं. बागेतल्या बाकावर त्यांची मित्रमंडळी होती, तिथे चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो असं त्यांना वाटायचं. रोज संध्याकाळी बूट घालून एकटे जायचे, एकटे यायचे. हल्ली थोडं विसरायला लागले होते. भाजी आणायला सांगितली तर वर्तमानपत्र आणायचे, ते एक वेळ चालून जायचं. पण संध्याकाळचं फिरणं चुकलं नाही. परत आले की घंटी वाजवायचे, दोनदा तुटक आणि तिसऱ्यांदा लांब. खिशात किल्ली असली तरी आधी घंटी. का, तर आतलं माणूस दचकू नये. कुणी दार उघडलं नाही तरच किल्ली लावायची. मी कपाळावर आठ्या घालून म्हणालो, “सवय होईल, बाबा,” आणि रंगाऱ्याला निरोप धाडला.

रंगारी आला, हिरवा रंग खरवडला गेला. कंडक्टरकाकांची अक्षरं पुसली गेली तेव्हा ते जिन्यात हाताची घडी घालून उभे होते. मला म्हणाले, “साहेब, गाडीचा नंबर पुसलात. आता प्रवासी कुठे चढणार?” मी हसलो. ते हसले नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण दारं सारखी झाल्यावर त्यांच्यावरची कुलुपं फार डोळ्यांत खुपायला लागली. एक पितळी, एक लोखंडी, एक तर चक्क सायकलचं. मी कुलुपांच्या कारखान्यात गेलो. घाऊक भाव ठरवला. दारातच बसवायचं एक नमुन्याचं कुलूप निवडलं आणि आमच्या धंद्याच्या शिस्तीप्रमाणे मागणीपत्रावर स्पष्ट लिहिलं : सर्व माल या नमुन्याप्रमाणे हवा, तसूभरही फरक आढळल्यास परत केला जाईल. सोबत नमुना जोडला, किल्लीसकट. माल आला तेव्हा मी प्रत्येक कुलूप हातात घेऊन, उजेडात धरून पाहिलं आणि पावतीवर लिहिलं : ‘कोठेही फरक आढळला नाही.’ खरं सांगतो, झाकणांतही इतका एकसारखेपणा मी पाहिला नव्हता. मन भरून आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कारखान्यातून दमून आलो. वीज गेलेली, उकाडा मरणाचा. जिना चढलो, किल्ली लावली, दार उघडलं, शर्ट काढून खुंटीवर टाकला आणि खुर्चीत अंग टाकून म्हणालो, “अगं, पाणी दे.”

पाणी आलं. आणलं ते एका आजींनी, आणि त्या माझ्या घरातल्या नव्हत्या. वकीलबाईंच्या सासूबाई होत्या. त्यांना कमी दिसतं. मी मजला मोजायला चुकलो होतो.

“आलास का?” आजी म्हणाल्या. “सकाळपासून वाट बघतेय तुझी. तो बघ पंखा. वीज असली की नुसता कटकट करतो.”

आता अशा वेळी काय करावं? मी सेक्रेटरी आहे, चुकून तुमच्या घरात शिरलो, शर्ट काढला आणि पाणी मागितलं, हे सगळं समजावून सांगण्यापेक्षा पंखा बघणं सोपं होतं. मी स्टुलावर चढलो. एक स्क्रू खरोखरच सैल होता. तो मी नाण्याने पिळत असताना दारात किल्ली फिरली आणि वकीलबाई आत आल्या.

त्यांनी आधी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“सेक्रेटरी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आपण आत कसे आलात?”

“किल्लीने,” मी म्हणालो.

“कोणाच्या?”

“माझ्या.”

या संवादाची कुठल्याही कोर्टात जी किंमत झाली असती ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. आजी मात्र म्हणाल्या, “ओरडू नकोस गं त्याच्यावर, मन लावून काम करतोय.”

पुढच्या अर्ध्या तासात जिन्यात जत्रा जमली. जो तो आपली किल्ली दुसऱ्याच्या कुलपात घालून बघत होता आणि प्रत्येक किल्लीने प्रत्येक दार उघडत होतं. नमुन्यात तसूभरही फरक नव्हता ना! कारखान्याने कुलपाच्या पोटातसुद्धा फरक होऊ दिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “साहेब, दात काढताना मीही एवढा खोल जात नाही.” त्या दिवसापासून इमारतीत माझं नाव झाकणसाहेब पडलं.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने कुलपांच्या कारखान्यात गेलो. तक्रारीच्या खिडकीत एक गृहस्थ बसले होते. चेहऱ्यावरून आमच्याच जातकुळीचे, म्हणजे तपासणी विभागातले.

“तक्रार काय?”

“सगळी कुलुपं सारखी आहेत.”

“माल नमुन्यापेक्षा वेगळा आहे?”

“नाही हो. नमुन्यासारखाच आहे.”

“मग तक्रार काय?”

“किल्लीसुद्धा नमुन्यासारखीच आहे!”

त्यांनी माझं मागणीपत्र काढलं, ‘तसूभरही’वर बोट ठेवलं. मग पावती काढली, ‘कोठेही फरक आढळला नाही’वर बोट ठेवलं. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मला ओळखीची वाटली. वेगळं झाकण दिसलं की मी त्याच्याकडे असाच पाहतो.

“फरक करून हवा असेल तर नवीन मागणी नोंदवा,” ते म्हणाले. “काम पावसाळ्यानंतर.”

तोपर्यंत इमारत एकाच किल्लीवर चालणार होती. गंमत अशी, की त्याचा त्रास लोकांना होईल असं मला वाटत होतं तेवढा झाला नाही. डॉक्टरांच्या शेजारीणबाई कोणाच्याही घरात जाऊन दूध तापवून यायच्या. त्रास झाला तो आम्हाला.

एका संध्याकाळी बाबा आले नाहीत. दिवे लागले तरी नाहीत. मी बागेत गेलो, बाक रिकामा. मित्र म्हणाले, ते मघाशीच निघाले. परत धावत आलो. डोक्यात नाही नाही ते येत होतं. रस्ता, गाड्या, चष्म्याशिवाय बाबा. बायको जिन्यात उभी होती, तिचा चेहरा उतरलेला. इतक्यात ती म्हणाली, “थांबा. ऐकलंत?”

वरच्या मजल्यावर घंटी वाजली. दोनदा तुटक, तिसऱ्यांदा लांब.

आम्ही वर धावलो. कंडक्टरकाकू दार उघडून उभ्या होत्या आणि बाबा आत जात होते. त्यांनी किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. काकूंनी एका नजरेत ओळखलं. “बसा बाबा, बसा,” म्हणाल्या, “चहा टाकलाच होता.” मी बाबांना तिथून उठवायला निघालो तर बायकोने माझा हात धरला. बाबांचा चहा होईपर्यंत आम्ही बाहेर उभे राहिलो. मला घरात यायला कोणी म्हणालं नाही.

मग ते होतच राहिलं. कधी बाबा वकीलबाईंकडे सापडायचे, आजींना बागेतल्या गप्पा सांगत. कधी डॉक्टरांकडे, पेशंटच्या रांगेत. कधी पुन्हा कंडक्टरकाकांकडे, पत्ते खेळताना. घंटी मात्र तीच, त्यामुळे कोणी दचकत नसे. घरातून हाक यायची, “बाबा आले!” आणि दार उघडायचं.

मला मात्र ते सहन होईना. बाप घर चुकतो आणि दार मी बदललेलं. मी जाहीर केलं, “आजपासून बाबांनी एकट्याने जायचं नाही. मी येईन बरोबर.”

दुसऱ्या दिवशी मला यायला उशीर झाला. बघतो तर बाबा बूट घालून खिडकीशी बसलेले. बागेची वेळ टळून गेली होती. “काढा ना बूट,” मी म्हणालो. “राहू दे,” ते म्हणाले, “पायांना वाटेल गेलो होतो.”

त्या वाक्याने माझं जेवण उडालं. बायको म्हणाली, “चमचे सरळ ठेवायचेत ना? ठेवते मी रोज. पण ते दार आधी होतं तसं करा.”

मी पुन्हा सभा बोलावली. विषय : सेक्रेटरीच्या दारास हिरवा रंग देण्याची परवानगी. सगळ्यांनी मान डोलावली. कंडक्टरकाका मात्र हाताची घडी घालून बसले.

“नियम म्हणजे नियम, साहेब.”

“काका, बाबांसाठी मागतोय.”

“बाबा माझ्याकडे येतात तर येऊ दे की. मी कुठे तिकीट मागतोय त्यांच्याकडे?” सगळे हसले. काका हसले नाहीत. “माझी अक्षरं पुसली तेव्हा मीही मागत होतो. वकीलबाई, जरा वाचा हो खाली काय लिहिलंय.”

वकीलबाईंनी वाचलं : “अपवाद नाही.” वाचताना त्यांचा आवाज किंचित गोड झाला. पंखा त्या विसरल्या नव्हत्या. मी मान खाली घालून घरी आलो. आयुष्यभर झाकणं बाजूच्या पेटीत टाकली, पण पेटीत पडल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी मी माळ्यावरून डबा काढला. तळाशी हिरवा रंग वाळून बसला होता, तसाच नवा आणून त्यात मिसळला. बाबांचा ब्रशही सापडला, तो अजून केस गाळतच होता. मी दाराबाहेर वर्तमानपत्र अंथरलं आणि भरदिवसा, उघडउघड, स्वतःच्या सहीचा नियम मोडायला बसलो. चोरी करताना होत नसेल इतकी धडधड झाली.

पावलं वाजली. कंडक्टरकाका खाली उतरत होते. थांबले.

“सेक्रेटरी, हे काय?”

“गुन्हा,” मी म्हणालो.

काका दोन पायऱ्या खाली येऊन ब्रशकडे वाकले. मग म्हणाले, “वरून खाली मारा. आडवा नका मारू, ओघळ येतात.” आणि परत वर निघून गेले. थोड्या वेळाने वरून रंगाचा वास यायला लागला. जाऊन पाहिलं तर ओल्या पुठ्ठ्यावर पिवळी अक्षरं उगवत होती : ‘दारात उभे’पर्यंत आली होती. खाली येऊन सेक्रेटरी या नात्याने दोन नोटिसा लिहिल्या, एक त्यांना, एक मला, आणि माझी नोटीस मी सही करून घेतली. हिरव्या दाराला एक पांढरा केस चिकटला होता. तो ब्रशचा की माझा, हे मी तपासलं नाही.

संध्याकाळी मी बाबांना म्हणालो, “जा फिरायला. एकटे जा.” त्यांनी कारण विचारलं नाही. बूट पायांतच होते.

परतायच्या वेळी मी दाराच्या आत उभा राहिलो, भोकाला डोळा लावून. बायको मागे उभी होती. पावलं वाजली. बाबा आले. आमच्या दारासमोर थांबले. दाराकडे पाहिलं, जवळ आले आणि रंगावरून हळूच हात फिरवला, वरून खाली. माझे डोळे भरून आले. घंटीसाठी मी कान टवकारले.

बाबा वळले आणि वर निघून गेले.

दोनदा तुटक, तिसऱ्यांदा लांब. कंडक्टरकाकांकडे.

मी अनवाणी धावलो. दार उघडं होतं. बाबा आपल्या ठरलेल्या जागी बसले होते, काकू चहा गाळत होत्या, काका पत्ते पिसत होते.

“बाबा, आपलं दार खाली आहे! हिरवं!”

“दिसलं की,” बाबा म्हणाले. “हात लावून बघितला. केस छान चिकटलेत.”

“मग इथे कसे?”

“इथल्या चहात साखर असते.”

आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितल्यापासून नसते. मी दारातच उभा राहिलो. डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. वकीलबाईंकडच्या आजी, डॉक्टरांचे पेशंट, पत्त्यांचे डाव. “म्हणजे तुम्ही चुकत नव्हता?”

बाबांनी कप खाली ठेवला.

“पहिल्या दिवशी चुकलो,” ते म्हणाले. “खरंच चुकलो रे. खालपासून वरपर्यंत सगळी दारं एकच. मला घाम फुटला. वाटलं, आपलं घर होतं ते संपलं. मग हे दार उघडलं, ही म्हणाली, बसा बाबा.”

काकूंनी पदराने उगीचच ओटा पुसला.

“आणि त्याच्यानंतर?” मी विचारलं.

बाबांनी कप उचलला, फुंकर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याच्यानंतर सातत्य ठेवलं. तूच सांगतोस ना?”

कंडक्टरकाकांनी पत्ते वाटायला घेतले. एक वाटा जास्तीचा टाकला आणि मान वर न करता बोटाने उघड्या दाराकडे, त्या ओल्या पिवळ्या अक्षरांकडे खूण केली.

मी आत सरकलो.